अबसार बद्दाचे लालबाबा

झोपेच्या बाबतीत नुरुल अबसारचा हात धरणारा माणूस अख्ख्या चाटगावात नव्हता. चकबाजारात त्याचं दुकान होतं, लग्नाकार्याला मांडव, खुर्च्या, स्वयंपाकाच्या मोठाल्या डेगी आणि जनरेटर भाड्याने देण्याचं. गिऱ्हाईक किती माणसं जेवायची ते सांगत असतानाच त्याची मान हळूहळू छातीवर यायची. एकदा बाकलियातल्या लग्नात नवरदेवाची मखमली खुर्ची नीट लागली आहे का ते बघायला तो तिच्यात बसला, आणि वरात दारात आली तेव्हा तिथेच घोरत होता. नवरीच्या आजीला कमी दिसायचं. तिने मोठ्या मायेने त्याला मिठाई भरवली. तेव्हा कुठे त्याला जाग आली, आणि तोंडातली मिठाई संपवूनच तो उठला.

बाजारात त्याला सगळे बद्दा म्हणत. थोरल्या भावाला चाटगावात असंच म्हणतात, आणि अबसारचं पोट, चाल, घाई न करण्याची पद्धत, सगळंच थोरल्या भावाचं होतं. मुलगा मामाबरोबर मस्कतला नोकरीला होता. घरात तो आणि हुस्नेआरा, त्याची बायको. हुस्नेआरा जिभेने तिखट आणि मनाने श्रद्धाळू होती. बारा अवलियांचं गाव म्हणतात चाटगावला; तिने बाराच्या बाराजणांना चादर चढवली होती, बायेजिद बोस्तामींच्या दर्ग्याच्या तळ्यातल्या कासवांना केळी चारली होती. मागणं सगळीकडे एकच: या माणसाला जरा जागं कर.

मागणं पुरं झालं, पण ते दिदारच्या हातून.

दिदारुल आलम अबसारचा शाळासोबती. शेजारीच त्याचं टायरचं दुकान. अंगाने काडी, डोळे सदा टवकारलेले. दुकानं बंद झाली की दोघे अबसारच्या गोदामात, खुर्च्यांच्या चळतीमागे कॅरम खेळायला बसत. खेळत दिदार, अबसार स्ट्रायकर बोटात धरून डुलक्या काढी. ऐन लग्नसराईत एकदा दिदार वैतागला आणि त्याने खिशातून शर्टाच्या बटणाएवढी लाल गोळी काढली. तिला, आणि जाळली की तिच्या धुराला, शेवयांच्या खिरीसारखा गोड वास होता.

नाफ नदीपलीकडून, ब्रह्मदेशातून येणारी ही गोळी. नाव याबा. पण भिंतींनाही कान असतात, म्हणून घेणारे-देणारे तिला नुसतं ‘बाबा’ म्हणत. बाबा आले का, बाबा उद्या येणार, बाबा पुलावर अडकले. अबसारने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, दारूला तो भीत होता. पण ही तर गोळी. गोळ्या काय, त्याची सासूही घेत होती.

त्या दिवसापासून अबसार जागा झाला. असा जागा झाला की दिदारलाच झोप येऊ लागली. चमचे कसे लावावेत, खुर्च्यांना रंगाप्रमाणे ओळीने कसं ठेवावं, चाटगावच्या सगळ्या डेकोरेटरांनी मिळून एकच प्रचंड शामियाना का शिवू नये, यावर तो तासन्‌तास बोलायचा. आपण इतके हुशार होतो हे आजवर कुणी आपल्याला सांगितलंच नाही, असं त्याला वाटायचं. एकदा साफ करायला म्हणून त्याने जनरेटर उघडला, एकेक भाग पुसून चादरीवर हारीने मांडला. फार सुंदर मांडला. तो जनरेटर पुन्हा कधी जनरेटर झाला नाही.

घरी तर हुस्नेआराने तोंडात बोट घातलं. ज्या माणसाला पाण्याचा पेला उचलून ठेवायचं ठाऊक नव्हतं, तो पहाटे स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता. मसाल्याचे डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. जेवायला बसला की दोन घास खाऊन उठायचा. पोट उतरलं. पान सुटलं. ती हे सगळं बघत होती आणि कारण शोधत होती, आणि मग एके संध्याकाळी तिने त्याला मोबाइलवर बोलताना ऐकलं. तो विचारत होता, “बाबा आले का? नाही? मग आज माझं काही खरं नाही.”

फोन ठेवून अबसार वळला तर ती दारात उभी. त्याने मोबाइल पाठीमागे लपवला. पण ती हळुवार आवाजात म्हणाली, “कोण बाबा?”

 तो म्हणाला, “आहेत एक.”

“कुठले?”

“टेकनाफकडून येतात. मूळचे नदीपलीकडचे.”

“आणि तुम्ही रोज त्यांच्याकडे जाता? म्हणून हे सगळं?” तिने पंख्याकडे हात केला.

“त्यांच्याचमुळे,” अबसार म्हणाला.

हुस्नेआराच्या डोळ्यांत पाणी आलं. डोक्यावरचा पदर सारखा करून तिने विचारलं, बाबांचं नाव काय. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून जे निघतं तेच निघालं: लाल. लालबाबा. म्हणजे लालशाह का, असं तिने विचारलं, आणि त्याने मान हलवली.

पुढे कितीतरी दिवस अबसारला एका गोष्टीचं आश्चर्य वाटत राहिलं. तो जवळजवळ एकही खोटं बोलत नव्हता. बाबा आज का आले नाहीत? कर्णफुली नदीच्या पुलावर पोलिसांनी अडवलं. पोलीस कशाला अडवतील साधुपुरुषाला? बाबांच्या वाटेवर पोलीस फार असतात. बाबा उपदेश काय करतात? काहीच नाही, पण त्यांच्या संगतीत माणसाला आपोआप बोलावंसं वाटतं. कपड्यांना हा गोड वास कसला? बाबांचाच. त्यावर हुस्नेआरा त्याचा सदरा धुवायला टाकण्याआधी नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. ते पाहून अबसारला नजर वर करवत नसे; पण तोवर गोदामात दिदार वाट पाहत असायचा.

बातमी रावजानला सासूच्या कानावर गेली. सासू नारळ, एक कोंबडा आणि दुखरे गुडघे घेऊन हजर झाली. चाटगाव जिल्ह्यातला एकही दर्गा तिने सोडला नव्हता, त्यामुळे तिच्यापुढे उभं राहणं म्हणजे परीक्षाच. बाबा कोणत्या परंपरेतले, गुरू कोण, उरूस कधी, असं तिने एकामागून एक विचारलं. अबसारने सांगितलं की बाबा कुणालाच नीट दिसत नाहीत, बायकांना तर नाहीच, आणि त्यांचा उरूस रोजच असतो. सासू मान डोलावून म्हणाली, मोठे पोचलेले असणार.

कोंबडा बाबांना पोचवायचा होता. तो दिदारने खाल्ला. बदल्यात सासूला बाबांनी फुंकर घातलेलं पाणी हवं होतं. अबसारने दुकानामागच्या नळाला बाटली लावली, भरली आणि आणून दिली. सासूने ते तीन दिवस गुडघ्यांना चोळलं, आणि चौथ्या दिवशी मासळीबाजारात पायी जाऊन आली.

झालं. गल्लीतल्या बायका बाटल्या घेऊन येऊ लागल्या. कुणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कुणाच्या मुलाचा व्हिसा अडकला होता. अबसार सगळ्यांच्या बाटल्या दुकानात नेई आणि नळावर भरून परत आणी. एकदा नळाला पाणी नव्हतं, तर त्या दिवशी बाबा मौनात आहेत असं त्याला सांगावं लागलं.

या सगळ्यात दीडेक वर्ष गेलं, आणि अबसारची छाती कुरकुर करू लागली.

सुरुवातीला नुसती धडधड. कधी दोन ठोके एकदम पडायचे, कधी एखादा ठोका वाट चुकल्यासारखा उशिरा यायचा, नवख्या बँडवाल्याने ढोल वाजवावा तसा. दिदार म्हणाला गॅस आहे. अबसारने गॅसची औषधं घेतली. मग जिना चढवेना. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावर थांबून तो मास्तरांच्या तब्येतीची चौकशी करी, दुसऱ्यावर शिंप्याला धंद्याचं विचारी, तिसऱ्यावर कुणी राहतच नव्हतं, तिथे तो कुलूप निरखत उभा राही. बद्दा किती माणुसकीचा झाला, असं खालच्या दोन मजल्यांवर बोललं जाई. मग पाय सुजले, चपला आत जाईनात. त्याने मोठ्या मापाच्या घेतल्या. उतरलेलं पोट पुन्हा पुढे आलं, पण हे पोट वेगळं होतं, घट्ट आणि ताणलेलं. आडवं झालं की पाण्यात बुडाल्यासारखा जीव गुदमरायचा, म्हणून तो भिंतीला टेकून बसून रात्र काढी. हुस्नेआरा शेजारी पडल्या पडल्या त्याच्याकडे बघायची आणि सकाळी आईला फोनवर सांगायची की आता ते बसून ध्यानसुद्धा करतात.

अबसार मूर्ख नव्हता. हे गॅसचं नाही, हे त्याला आतून कळत होतं. एकदा त्याने मनाशी ठरवून बाबा सोडले. सोडले आणि तो झोपला. दोन दिवस झोपला. उठला तो हंडाभर भात आणि सुकट खाऊन पुन्हा झोपला. मग चिडचिड सुरू झाली. डाळीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं, आणि थोड्या वेळाने एक मोडका झारा हातात धरून तो हमसून हमसून रडत बसला. हुस्नेआरा घाबरली. तिला एकच कारण दिसलं: बाबा रागावले. तिने फिरनीचा डबा भरला, त्याच्या अंगात सदरा चढवला आणि दारापर्यंत आणून सोडलं. “जा,” ती म्हणाली. “पाय धरा त्यांचे. माझी शपथ आहे.”

अबसार उंबऱ्यात उभा राहिला. खरं सांगायला तीच वेळ होती, आणि त्याने तोंड उघडलंही होतं. पण पाय तोंडापेक्षा चपळ निघाले. फिरनी त्याने आणि दिदारने मिळून खाल्ली.

मग आला पाथरघाट्याचा मेजबान, म्हणजे गावजेवण. एका जहाजवाल्याच्या वारलेल्या बापाच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण, भर दुपारी. गोमांसाच्या डेगी रटरटत होत्या, पंगतीवर पंगती उठत होत्या. मुख्य आचाऱ्याने बद्दाला एका डेगीचा तळ बघायला बोलावलं. मैदान ओलांडून जायचं, एवढंच. अर्ध्या वाटेत अबसारच्या छातीतला ढोल बेताल झाला, डोळ्यांपुढे लाल-पिवळा मांडव फिरला आणि तो एका पालथ्या डेगीवर बसला. श्वास घेतला तर येईना, सोडला तर जाईना. तोंडाला फेस आला.

माणसं धावली. गाडी शोधायला वेळ नव्हता. डेगी घेऊन आलेली सायकलगाडी, मागे सपाट फळी असलेली, समोरच उभी होती. त्याला तीवर आडवं केलं, तर तो निळा पडू लागला. बसवला, तर टेकायला काही नाही, एकीकडे कलंडू लागला. तेव्हा आचाऱ्याने रिकामी झालेली सगळ्यांत मोठी डेग उचलून गाडीवर ठेवली आणि चौघांनी बद्दाला तिच्यात बसवलं. डेग अजून कोमट होती. दोन्ही हातांनी कड धरून, मान बाहेर काढून, मसाल्याच्या वासात नुरुल अबसार शहरातून निघाला. रिक्षावाले थांबून बघत होते. कुणीतरी विचारलं, हा कुठल्या मेजबानाचा? अबसारला सगळं ऐकू येत होतं आणि बोलता येत नव्हतं. या सगळ्या काळात पहिल्यांदाच त्याच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं.

इस्पितळात त्याला सुई टोचली, नाकाला प्राणवायू लावला, आणि मग तो लघवी करत राहिला, करत राहिला. अंगातली विहीर उपसावी तसं पाणी निघालं. दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा पायांसारखे दिसू लागले, आणि उशाला चार उशा लावून का होईना, तो टेकून झोपला.

डॉक्टर नाफिसा बारीक चणीची होती. हळू बोलायची आणि समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायची. अबसारला अशा लोकांची भीती वाटे. तिने छातीवर यंत्र फिरवून पडद्यावर त्याचं हृदय दाखवलं. ते काहीतरी करत होतं, पण मनापासून नव्हे.

“तुमचा मांडवाचा धंदा ना?” ती म्हणाली. “पावसाचं पाणी साचलं की मांडवाचं कापड कसं झोल खातं? तसं झालंय हे. मोठं झालंय आणि सैल पडलंय. आत आलेलं रक्त पुढे ढकलायला ताकद नाही, म्हणून पाणी पायात, पोटात, छातीत उतरलं. या वयाला हे असं होत नाही. काय घेता?”

अबसार छताकडे बघू लागला. उत्तर हुस्नेआराने दिलं. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते, पण आवाजात अभिमान होता. ती म्हणाली, “काही नाही हो डॉक्टरआपा. सुपारीचं व्यसन नाही यांना. आधी पान तरी खायचे, बाबांकडे जायला लागल्यापासून तेही सुटलं.”

डॉक्टरचं लिहिणं थांबलं. “कोणते बाबा?”

“लालबाबा.”

“रोज जातात?”

“रोज. कधीकधी दोनदा.”

“आणि घरी येतात तेव्हा कपड्यांना गोड वास येतो? खिरीसारखा?”

हुस्नेआराचा चेहरा उजळला. तिने डॉक्टरचा हात धरला. “म्हणजे तुम्हीसुद्धा ओळखता त्यांना?”

“ओळखते ना,” डॉक्टर नाफिसा म्हणाली. “माझा अर्धा वॉर्ड त्यांच्या भक्तांनी भरलाय.” मग ती अबसारकडे वळली. “तुम्ही सांगता, की मी सांगू?”

पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा कण्हत होता. तोही कण्हायचा थांबला. अबसारने सांगितलं. छताकडे बघतच सांगितलं: गोळी, दिदार, खुर्च्यांची चळत, पूल, पोलीस. फिरनीसुद्धा. सांगून झाल्यावर त्याने बायकोकडे बघितलं. आता ती ओरडेल, कपाळ बडवेल, निदान उशी फेकून मारेल असं त्याला वाटलं.  तिने विचारलं, “मग ते पाणी कसलं?”

“दुकानामागच्या नळाचं.”

“अम्माचे गुडघे बरे झाले.”

“मलाही कळलं नाही कसे,” अबसार खालच्या आवाजात म्हणाला.

हुस्नेआरा बाहेर व्हरांड्यात गेली. काचेतून तिची पाठ दिसत होती. ती रडत असेल असं अबसारला वाटलं, आणि ती रडतच होती. पण नवऱ्याने फसवलं म्हणून नव्हे, किंवा नुसतं त्यासाठी नव्हे. परत आली तेव्हा तिने एकच वाक्य उच्चारलं: “सुटले होते तुमचे बाबा, आणि मी शपथ घालून पाठवलं.” अबसारने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही, पण खाटेच्या कडेला बसली.

डॉक्टरने दोघांनाही समोर बसवून सांगितलं की हे हृदय अजून मेलेलं नाही. बाबा कायमचे सोडले, औषधं वेळेवर घेतली, मीठ तोडलं तर यातलं बरंच परत येऊ शकतं. किती, ते आता सांगता येणार नाही. आणि बाबा पुन्हा आले, तर पुढच्या वेळी डेगीतून आणण्याचाही उपयोग होणार नाही. डेगीची गोष्ट सगळ्या इस्पितळाला कळली होती.

घरी आल्यावर हुस्नेआरा पहिल्यांदा टायरच्या दुकानात गेली. तिला येताना बघून दिदार टायरांच्या ढिगामागे लपला.  तिने एक टायर आडवा केला, त्यावर बसली, पानाचा डबा उघडला. गिऱ्हाइकं आली आणि गेली; दिदार नाही असं ती प्रत्येकाला शांतपणे सांगत होती. शेवटी तो बाहेर आला, कारण मागे उंदीर होते. त्याला घेऊन ती थेट डॉक्टर नाफिसाकडे गेली. दिदारचं हृदय मोठं झालं नव्हतं, पण ठोके चुकत होते. स्वतःच्या ठोक्यांची वेडीवाकडी रेघ कागदावर बघून तो इतका घाबरला की त्याच आठवड्यात कुमिल्ल्याला बहिणीकडे निघून गेला. तिथे त्याने गोळी सोडली, आणि बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे सहा महिने तिचं डोकं खाल्लं.

मग गल्लीतल्या बायका. हुस्नेआराने ठरवलं, एवढ्या जणींना आपण बाटल्या दिल्या, तर खरंही आपणच सांगायचं. काहीजणी हसल्या, काहींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जिच्या सुनेला मुलगा झाला होता, ती भांडायलाच उठली. नळाचं पाणी होतं तर मग नातू कसा झाला? “नऊ महिने भरल्यावर झाला,” हुस्नेआरा म्हणाली आणि पुढच्या दाराकडे वळली. आईला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. म्हातारीने फोनवर सगळं ऐकून घेतलं.  मग विचारलं, तो नळ अजून चालू आहे का.

अबसारची शिक्षा ताटात होती. मीठ गेलं. सुकट गेली, आणि सुकटीशिवाय चाटगावचा माणूस म्हणजे नुसता देह. पाणी मोजून. सकाळी पाणी उतरवायची गोळी, की मग दुपारपर्यंत त्याने घर सोडायचं नाही. दुकान हुस्नेआरा बघू लागली. तिच्या राज्यात डेगी वेळेवर जात, वेळेवर परत येत. गिऱ्हाईक एकदा गोड बोलून चमचे कमी परत करायला गेलं, तेव्हा ती त्याच्या घरी जाऊन जेवणाच्या टेबलावरून ते घेऊन आली.

बाबांची आठवण मात्र गेली नव्हती. तोंडाला पाणी सुटावं तशी ती यायची, कधी नुसत्या खिरीच्या वासानेसुद्धा. पावसाळ्यानंतर एका दुपारी तो औषधं आणायला म्हणून निघाला आणि पाय दुसरीकडेच वळले. दिदार नसला म्हणून काय, गोळी देणारा कुठे राहतो ते त्याला माहीत होतं. टेकडीवर, पायऱ्या चढून. अबसार चढू लागला. दहाबारा पायऱ्यांत दम लागला. तो बसला, पुन्हा उठला, पुन्हा चढला, पुन्हा बसला. वरून एक बाई भाजीची टोपली घेऊन उतरत होती, तिने विचारलं, कुणाकडे जायचंय बद्दा? अबसारने वर बघितलं, खाली बघितलं आणि म्हणाला, कुणाकडेच नाही. त्या दुबळ्या हृदयानेच त्या दिवशी त्याला अडवलं होतं. घरी येऊन त्याने हे स्वतःहून सांगितलं. हुस्नेआराने त्याला जेवायला वाढलं. मग उठताना तिने माशाचा आणखी एक तुकडा त्याच्या ताटात टाकला.

वर्षाअखेरीला पुन्हा छातीवर यंत्र फिरलं. डॉक्टर नाफिसाने पडदा दोघांकडे वळवला. हृदय थोडं आटोपशीर झालं होतं, आणि या वेळी जे काही करत होतं ते जरा मनावर घेऊन करत होतं. पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं नाही, ती म्हणाली. औषधं बहुधा कायमची राहतील, डेगी उचलणं तर संपलंच. पण चालता येईल, काम करता येईल, जिना चढता येईल. हुस्नेआराने विचारलं, मीठ? डॉक्टर म्हणाली, नाही.

बाहेर फाटकाशी चहावाला होता. दोघांनी चहा घेतला आणि जाड, कडक बेला बिस्किटं बुडवून खाल्ली. समोर रिक्षांची गर्दी होती. हुस्नेआराने कपाकडे बघत विचारलं, “एक विचारू? रागवायचं नाही. काय होतं हो त्या गोळीत? एवढं काय मिळायचं?”

अबसारने बिस्कीट संपवलं. खोटं बोलायची आता गरज नव्हती, पण खरं बोलणंही सोपं नव्हतं. शेवटी तो म्हणाला, “वाटायचं, मी जे बोलतोय ते ऐकण्यासारखं आहे.”

तिने कप खाली ठेवला. “मग बोलायचं होतं की घरी. मी काय बहिरी होते?”

“तू म्हणायचीस, झोपा.”

“तुम्ही झोपलेलेच असायचात.” तिला हसू आलं, ते तिने पदराने पुसलं. “बरं, आता बोला. इथे कुणाला घाई आहे?”

अबसारने विचार केला. खरोखरच केला. सांगण्यासारखं काहीसुद्धा त्याला आठवेना. म्हणून तो म्हणाला की हा चहावाला दूध चांगलं आटवतो, आणि ती म्हणाली, हो, पण आलं कमी आहे. यावर दोघांचं थोडं वाजलं. मग रिक्षा करावी की चालत जावं यावर वाजलं, आणि चालत जायचं ठरलं, हळूहळू, सावलीच्या बाजूने.